तेहतीसची चिकटपट्टी

चाचांची लुना तीसच्या वर गेलेली मी कधी पाहिली नाही. सकाळी पौडहून उरवड्याला येताना कंपनीची बस त्यांना रस्त्यात गाठायची आणि खिडकीतून कुणी ना कुणी ओरडायचंच, "चाचा, मागनं बैलगाडी हॉर्न देतीया, साईड द्या की वाईच!" चाचा मान वळवत नसत. डावा हात वर करून बसला पुढे जायची खूण करत. मग कंपनीच्या गेटात लुना स्टँडवर लावली की त्या ओरडणाऱ्याला शोधून काढत आणि फार गंभीरपणे म्हणत, "पोचलास का? मी बी पोचलो."

सगळी कंपनी त्यांना चाचा म्हणायची, मॅनेजरसाहेबसुद्धा. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावाला माझ्यामुळे एकदा डाग लागला आहे. माझ्या हातून ते पुन्हा कागदावर येऊ नये असं वाटतं.

कंपनी गाड्यांना लागणारी रबरी सीलं बनवायची. चाचा कागदोपत्री वायरमनच्या हाताखाली होते, पण त्यांचं खरं काम कंपनीतले नऊ कॉम्प्युटर जिवंत ठेवणं. सगळे जुने, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेले, मालकांनी एकगठ्ठा उचलून आणलेले. मी तिथे लागलो तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. तिकडे हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि इकडे आमच्याकडे बटण दाबून चहा प्यायला गेलं तर परत येईपर्यंत स्क्रीन कसाबसा जागा झालेला असायचा.

चाचांच्या वडिलांचं पौडला एस.टी. स्टँडसमोर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाचा सातवी झाल्यावर त्याच दुकानात बसले. पुढे सेलवरची स्वस्त घड्याळं आली, बंद पडलं की फेकून नवं घ्यायची पद्धत आली, आणि चाचा कंपनीत आले. पण घड्याळजी त्यांच्या अंगातून गेला नाही. डोळ्याला लावायचं काळं भिंग दोऱ्यानं कपाळावर बांधलेलं असायचं. जेवतानाही ते तिथेच. कॉम्प्युटर उघडला की भिंग डोळ्यावर यायचं. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर टेकवून त्याची मूठ ते कानाला लावत आणि डोळे मिटत. दर सोमवारी सकाळी नऊच्या नऊ डिस्क अशा ऐकल्या जात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. चाचा डोळे न उघडता म्हणाले, "हस, हस. डॉक्टर छातीला लावतो तवा बी आसाच हसतोस का?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उशिरा आलेलं खरं चालंल. येळेवर आलेलं खोटं चालायचं न्हाई." हे ते घड्याळाबद्दल म्हणत, एस.टी.च्या वेळापत्रकाबद्दल म्हणत, मुलाच्या दहावीच्या निकालाबद्दलही म्हणाले होते. पण सगळ्यात जास्त म्हणत ते डिस्कबद्दल.

त्याचं असं होतं. जुनी डिस्क मेली की पुण्याहून नवी आणावी लागे, आणि बाजारात मिळे ती नव्या जमान्याची, पळणारी. डिस्कमधून कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाकडे एका सेकंदात किती माल, म्हणजे माहिती, वाहायची याचे आकडे असतात. आमचे बोर्ड तेहतीसच्या वेगाचे, आणि नव्या डिस्क सहासष्टच्या, शंभरच्या. आमच्यातल्या काही बोर्डांवर सहासष्ट चालेल असं छापलेलं होतं. छापलेलं होतं, झेपत नव्हतं. डिस्क आपल्या वेगानं माल लोटायची आणि जुना बोर्ड कधी धापा टाकून बंद पडायचा, तर कधी बंद न पडता आत काहीतरी भलतंच लिहून ठेवायचा. बंद पडलेलं दिसतं तरी. ते दुसरं महिनोन्महिने दिसत नाही.

चाचांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एका डिस्कला दोन महिने कान लावून शोधलं होतं. मग पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी एक फ्लॉपी मिळवली. तिच्यावर डिस्क बनवणाऱ्यांचाच एक छोटा प्रोग्राम होता. त्या फ्लॉपीवरून कॉम्प्युटर चालू केला की डिस्कलाच आतून सांगता यायचं, बाई, तू कितीही पळू शकत असलीस तरी तेहतीसच्या वर पळायचं नाही. घड्याळाच्या आत ते पुढं-मागं करायचा एक बारीक काटा असतो, चाचांच्या लेखी ही फ्लॉपी म्हणजे तो काटा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, चाचीच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या तीन प्रती ठेवलेल्या असत.

काम सुरू करण्यापूर्वी ते साबणानं हात धूत. ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणत. शेवटचं बटण करंगळीनं दाबत, कारण करंगळी "सगळ्यात कमी आगाऊ" असं त्यांचं मत होतं. आणि मग खरं काम सुरू होई. एक भलीमोठी फाईल ते त्या डिस्कवर तीनदा उतरवत, तीनदा वाचून मूळ फाईलशी ताडून पाहत. दोन तास जायचे. एखादी प्रत जुळली नाही तर ती पुसून टाकायची नाही, बाजूला ठेवायची, असा नियम. "कुटं बिघडलं ते तिच्यावरनंच कळतं. पुसलीस तर काय कळनार?" तिन्ही जुळल्या की दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी वीतभर कापून कॉम्प्युटरच्या कपाळावर लावायची, तिच्यावर तारीख आणि आकडा: ३३. स्वतःचं नाव नाही, सही नाही. पण नऊ मशीनवरचे ते दोन गोंडस तीन कुणाच्या हातचे आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"आजपातूर एक फाईल गेली न्हाई," असं ते सांगत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, डिप्लोमा नव्हता. एवढं एक वाक्य होतं.

मी परभणीचा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून, पिरंगुटला तिघांत एक खोली घेऊन राहत होतो. चाचा माणसांना गावानं हाक मारत. गेटवरचा वॉचमन "भोर", कँटीनवाला "उडुपी", मी "परभणी". पहिल्याच आठवड्यात जेवताना मी म्हटलं की इकडे अंबाडीची भाजी कुठे मिळतच नाही. बोलून विसरून गेलो. दोन महिन्यांनी चाचांनी डबा उघडून माझ्यापुढे सारला. हिरवी आंबट भाजी, वर लसणाची फोडणी. "आमच्यात कुनी तोंडात बी घालत न्हाई ही. तुज्यासाठी हिनं परसात लावलीया. खा, परभणी."

हे लिहिताना मला थांबावं लागतं.

एकदा त्यांनी मला त्यांची वही दाखवली. दोनशे पानी, कव्हरला वर्तमानपत्र घातलेलं. आत त्या प्रोग्रामचे सगळे स्क्रीन पेन्सिलनं चितारलेले होते. चाचांना इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओळखू येत, शब्द वाचता येत नसत. म्हणून त्यांनी प्रत्येक स्क्रीनचं चित्रच काढून ठेवलं होतं, नकाशासारखं. बाजूला मराठीत: तिसरी ओळ, डावीकडून दुसरा आकडा, खालचा बाण दोनदा, मग करंगळी. वही बंद करून ते म्हणाले, "हे कुनाला ठावं न्हाई. घरात बी न्हाई. तू शिकलेला हायेस, तुला कळंल ह्यात लाजन्यासारखं काय न्हाई." मी मान हलवली. मला तेव्हा खरोखर भरून आलं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटलं होतं, अच्छा, म्हणजे एवढंच येतं तर.

लॅबमधल्या कॉम्प्युटरवर रबराच्या प्रत्येक घाण्याची नोंद असे. कोणतं मिश्रण, किती वेळ भाजलं, कडकपणा किती आला. महिन्याअखेर त्याचा रिपोर्ट काढायला चाळीस मिनिटं लागत. एकदा मॅनेजरसाहेब खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत म्हणाले, "अरे, तू डिप्लोमावाला ना? हे काय बैलगाडीसारखं चाललंय? बघ की काहीतरी."

मला काय करायचं ते नेमकं माहीत होतं.

चाचा नातेवाइकाच्या लग्नाला दोन दिवस भोरला गेले होते. मी डब्यातली फ्लॉपी काढली, ओढणीचा तुकडा नीट घडी करून ठेवला, आणि लॅबच्या डिस्कची मर्यादा तेहतीसवरून सहासष्ट केली. पाच मिनिटांचं काम. बोर्डावर सहासष्ट छापलेलं होतं, मला वाचता येत होतं, मग अडाण्यासारखं तेहतीसवर का चालवायचं? दोन तासांची ती ताडून पाहायची भानगड मी केली नाही. कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला, तेवढं पुरे वाटलं. कपाळावरची चाचांची पट्टी मी तशीच ठेवली.

रिपोर्ट पंचवीस मिनिटांत आला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, आता कसं!" चाचा परत आले की त्यांना सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण ते ताबडतोब पुन्हा तेहतीस करतील हे दिसत होतं, आणि ती थाप अजून पाठीवर गरम होती. राहिलं.

सोमवारी चाचांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. "परभणी, हिचा आवाज बदाललाय रं."

"पंख्यात धूळ असेल, चाचा."

त्यांनी पंखा काढला, दाढीच्या ब्रशनं एकेक पातं झाडलं, तेलाचा थेंब सोडला, परत बसवला. पुन्हा ऐकलं. मग पुढच्या मशीनकडे वळले. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या कानावरचा विश्वास थोडा कमी केला. हे मला फार वर्षांनी कळलं.

सात आठवडे गेले. मग आमचा माल घेणाऱ्या कंपनीचे दोन तपासनीस आले आणि त्यांनी एका घाण्याची नोंद दाखवा म्हटलं. स्क्रीनवर त्या घाण्याच्या नावाखाली दुसऱ्याच घाण्याचे आकडे होते. पुढच्या पानावर कडकपणाच्या रकान्यात आकड्यांऐवजी चौकटी नि चित्रविचित्र चिन्हं. मागची नोंद पाहिली, तीही तशीच. चाचा दर शनिवारी त्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ताडून ठेवत. धावत जाऊन त्या आणल्या. त्याही तशाच. प्रती अगदी प्रामाणिक होत्या. मुळातच चुकीचं लिहिलेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. सात आठवड्यांचा माल कोणत्या मिश्रणाचा, कसा भाजलेला, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सगळा माल परत आला.

साहेबांनी आधी मला केबिनमध्ये बोलावलं. मी गप्प उभा राहिलो. मग चाचांना बोलावलं, आणि आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. चाचांनी हात धुतले. फ्लॉपी घातली. स्क्रीनवर आकडा आला: सहासष्ट.

चाचांनी भिंग डोळ्यावर घेतलं. स्क्रीन पाहायला भिंग लागत नाही, पण त्यांनी घेतलं. तो आकडा पाहिला, मग भिंगातूनच वर पट्टीवरचा आपल्या हातचा आकडा पाहिला. ३३. परत खाली. घड्याळ बंद पडलेल्या माणसाला घड्याळजी जसं हळू आवाजात सांगतो तसं ते म्हणाले, "माझ्याकडनं वरची ओळ दाबली गेली असंल, सायेब."

साहेबांनी त्यांना काढलं नाही. कुणी बोर्डाला दोष दिला, कुणी विजेला. पण दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःच राजीनाम्याचा कागद दिला. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो होतो. वॉचमन म्हणाला, "चाचा, यवढ्यातेवढ्यावरनं कुनी जातं का?" चाचा म्हणाले, "भोर, लिवलेलं आन् केलेलं सारखं येत न्हाई त्या हातानं मशीन उघडू नये." आणि लुना घेऊन निघून गेले. तीसच्याही खाली.

त्यांचं टेबल मला मिळालं. फ्लॉपीचा डबाही. लॅबची डिस्क मी पुन्हा तेहतीसवर आणली, आणि नऊच्या नऊ डिस्क तीनदा ताडून पाहिल्या. कुणाला दिसू नये म्हणून, जेवणाच्या सुट्टीत.

पुढे मी ती कंपनी सोडली. आयटीत शिरलो, लग्न केलं, म्हाळुंग्याला फ्लॅट घेतला. माझं चांगलं चाललं होतं. ऑफिसात जुनं मशीन कुणी फेकायला काढलं की मी उगाच त्याच्या कपाळाकडे पाही. बायकोनं एकदा विचारलं, तुला अंबाडी आवडते म्हणतोस, मग आईंनी परभणीहून पाठवलेली का खात नाहीस? मी म्हटलं, पित्त होतं.

दोन हजार नऊच्या सुमारास मुलीच्या दाखल्यासाठी पौडच्या तहसील कचेरीत जावं लागलं. काम झालं, आणि पाय आपसूक स्टँडकडे वळले. घड्याळाच्या दुकानाचं मोबाईलचं दुकान झालं होतं. गल्ल्यावर चाचांचा मुलगा, चाचांचंच नाक. मी कंपनीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा घरीच असत्यात. कशालाच हात लावत न्हाईत आता. कंपनी सोडल्यापास्नं घड्याळाचं बी एक काम घेतलं न्हाई. लुना बी इकली. घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, ते बी तसंच. म्हनत्यात, माझा हात गेला."

मला वाटत होतं मी त्यांची नोकरी घालवली. त्या दुकानाच्या पायरीवर मला समजलं, नोकरी त्यातला लहान भाग होता.

चाचा ओसरीत खाटेवर बसले होते. कपाळ मोकळं होतं. भिंगाच्या जागी फक्त फिकट गोल खूण. त्यांनी मला लगेच ओळखलं. "आरं परभणी! लई दिसानं. ये, बस. आगं, परभणी आलाय, च्या टाक."

चाचीनं चहा आणला. मी कप खाली ठेवला आणि बोलून टाकलं. "चाचा, लॅबच्या त्या डिस्कचा आकडा तुमच्याकडून चुकला नव्हता. तुम्ही तेहतीसच केला होता. तो माझ्याकडून चुकून बदलला गेला."

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. साहेबांना रिपोर्ट लवकर हवा होता, तुम्ही भोरला गेला होतात, मी डब्यातली फ्लॉपी काढली.

"थांब," चाचा म्हणाले. "मगाशी म्हनालास चुकून. आता मुद्दाम निगालं. दोन परती सारख्या न्हाईत. पुन्यांदा."

चाची दारातच थांबली होती, हातात रिकामा ट्रे. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती पट्टी मुद्दाम तशीच ठेवली ते सांगितलं. ताडून पाहिलं नाही ते सांगितलं. तुम्ही आवाज बदललाय म्हणालात तेव्हा मी पंख्याचं नाव घेतलं तेही सांगितलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते, सोमवारी ऐकत तसे.

"आन् सायबाच्या केबिनात? तुला आधी बोलीवलं हुतं."

"गप्प उभा होतो, चाचा."

"परत वाच."

"गप्प..."

"परभणी," ते डोळे उघडून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी कागद द्याया गेलो. तवा सायेब मला म्हनले, चाचा, तुमी वाचून न्हाई करत म्हनं, पाठ करून करता. ती वही मी जलमात येकाच मानसाला दावली हुती."

वर मी लिहिलं आहे की केबिनमध्ये मी गप्प उभा राहिलो. ते खरं नाही. मी बोललो होतो. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "हे कसं झालं असेल?" माझ्यावर कुणाचा संशयही नव्हता. आणि मी म्हणालो होतो, "सर, चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. ते पाठ करून करतात." ती वरची ओळ मी खोडत नाही. न जुळलेली प्रत पुसायची नाही, असा नियम आहे.

चौथ्यांदा मी ते वाक्य धरून सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "अजून येकदा." पाचव्यांदा सांगितलं. चौथी आणि पाचवी सारखी आली.

"जुळलं," चाचा म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, दाराकडे वळून, "ऐकलंस का? हात बराबर हुता."

"मी कवाच म्हनत हुते," चाची म्हणाली. "पर माझं कोन ऐकतं ह्या घरात? अंगठेबहाद्दर मी." मग ती माझ्याकडे वळली. एवढी साधी बाई, पण तिच्या नजरेला मला नजर देता आली नाही. "तू कंपनीत हायेस म्हनून दोन वर्सं आजून लावली हुती रं अंबाडी. वाटायचं, येशील कवातरी डबा न्यायला. मग सोडलं."

चाचांनी भिंतीकडे बोट केलं. "ते काढ खाली. तुजा हात पोचतोय."

मी घड्याळ उतरवलं. वर बोटभर धूळ होती. चाचीनं ट्रंकेतून भिंग आणून दिलं. दोरा कुजला होता, बांधायला गेले तर तुटला. चाचांनी भिंग तसंच भुवई नि गालाच्या मध्ये चिमटून धरलं आणि घड्याळाची मागची बाजू उघडली. हात धुवायचे राहिले हे लक्षात आलं, तर उठून धुऊन आले. ओठ हलले. मी पाहत होतो तो त्यांचा हात. तो थरथरत नव्हता. तो कधीच थरथरत नसणार.

मला राहवलं नाही. "चाचा, मला माफ..."

"थांब, घाई करू नको." त्यांनी मान वर केली नाही. "माफ केलं का न्हाई, ते मला बी आजून ठावं न्हाई. आत्ता व्हय म्हनलं तर ते येळेवर हुईल. खरं आसंलच आसं न्हाई. कळलं की सांगन."

आता मुलाच्या मोबाईलच्या दुकानात एका कोपऱ्यात चाचांचं बुटकं टेबल आहे. कपाळावर भिंग, नव्या दोऱ्यानं बांधलेलं. लोकांची जुनी, किल्लीची घड्याळं येतात, कधी कुणाचं भिंतीवरचं लोलकाचं. दुरुस्त झालेल्या घड्याळाच्या आत चिकटपट्टीचा लहान तुकडा असतो, त्यावर तारीख. मी महिन्या-दोन महिन्यांतून म्हाळुंग्याहून जातो. मला पाहिलं की चाचा हातातलं काम न सोडता दुरूनच सांगतात, "आजून न्हाई रं, परभणी."

"बरं, चाचा," मी म्हणतो आणि स्टूल ओढून बसतो. चहा येतो.

मागच्या खेपेला एक गिऱ्हाईक उभं होतं, घोटवड्याकडचा एक म्हातारा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय न्हाई आजून, चाचा? यांचं बी घड्याळ हाय का?"

"ह्याचं येक काम हाय माझ्याकडं," चाचा म्हणाले, भिंग डोळ्यावर घेत. "तपासाया लावलंय. येळ लागंल."